नमस्कारापुरतं वायफाय

कवळीवाले घरचं वायफाय लोकांना फुकट वाटतात, असं गल्लीत म्हणत. ते तितकंसं खरं नव्हतं. मोल होतं, आणि ते रोजच्या रोज वसूल व्हायचं. खिडकीखालच्या कट्ट्यावर बसण्याआधी मान वर करून एक हसरा नमस्कार, एवढं ते मोल.

समोरच्या मोठ्या धुलाईखान्यात परमुलखातली माणसं कामाला होती. दिवसभर इस्पितळांच्या चादरी धुवायच्या आणि सुटी झाली की घरच्यांची तोंडं फोनवर बघायला जागा शोधायची. त्यातल्या एका बाईला कवळीवाल्यांनी पासवर्ड सांगितला. तिनं तो सगळ्यांना सांगितला.

"अहो, ओळख ना पाळख," बायको म्हणाली. "घराची किल्लीच दिल्यासारखं झालं हे."

"हवेतून जातंय ते. आपलं काय झिजतं?"

झिजत काहीच नव्हतं, उलट भरच पडत होती. सकाळपासून खिडकीशी बसून दुसऱ्यांसाठी दात घडवणाऱ्या माणसाला संध्याकाळी "काका, बरं आहे ना?" असं विचारणारी इतकी तोंडं मिळाली, तर ती कुणाला नको असतील? घरात तेवढी विचारपूस नव्हती. घरात जावई होता. शीतगृहातल्या नोकरीवरून काढल्यापासून तो बायकोसकट सासुरवाडीतच मुक्कामाला होता, आतल्या खोलीत फोनमध्ये डोकं खुपसून. लेकीला दिवस गेले होते, म्हणून त्याला कुणी काही बोलत नसे.

कट्ट्यावरचा एकच माणूस नमस्काराला चुकायचा. कानटोपी घालून यायचा, खिडकीकडे पाठ करून बसायचा आणि फोन तोंडाशी धरून पुटपुटायचा. कवळीवाल्यांनी एकदोनदा आपणहून "काय पाहुणे?" म्हणून पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. ओठ मिटलेले ते मिटलेलेच.

"मिजास बघ," ते बायकोला म्हणाले. "माझंच वायफाय वापरतो आणि मलाच पाठ दाखवतो."

"दाखवू दे. तुम्हाला काय त्याला मुलगी द्यायचीय?"

"द्यायला मुलगी राहिलीय कुठं? दिली होती ती नवऱ्यासकट परत आली."

मग एका दुपारी साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले. त्यांतला साहेब खुर्ची ओढून बसला. टेबलावरची एक कवळी त्यानं उचलली, न्याहाळली आणि परत ठेवली. एका बाईंना धमक्या येतायत, म्हणाला. तोंडावर ॲसिड टाकीन, पोरांना शाळेतून उचलीन, असलं लिहिलेलं. खातं खोट्या नावाचं आहे, पण कनेक्शन या घरचं.

"माझ्या वायफायवर अर्धा धुलाईखाना बसतो, साहेब."

"तेच म्हणतोय मी. अर्ध्या धुलाईखान्याला कोठडीत जागा नाही. तुम्हा एकट्याला आहे."

कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणावर संशय आहे का, असं साहेबानं विचारलं, तेव्हा कट्ट्यावरचे सगळे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. जो तो हसत होता. हसणाऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

"एक आहे," ते म्हणाले. "कानटोपीवाला. कुणाशी बोलत नाही. पाठ करून बसतो."

त्याला कामावरूनच नेलं, ओल्या हातांनी.

दुसऱ्या दिवशी ती पासवर्डवाली बाई दारात आली. आज तिनं नमस्कार केला नाही.

"काका, हे काय सांगून बसलात? शीतगृहाच्या मॅनेजरबाईंना धमक्या दिल्या म्हणतात. त्यानं शीतगृह बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही. आणि लिहील कसा? त्याला अक्षर येत नाही. फोन लावायचा तर मुलीचा फोटो बघून लावतो."

कवळीवाले शीतगृहापाशीच अडकले होते. पुढचं त्यांनी ऐकलं, पण लांबून.

"उद्या तुमचा जबाब आहे ना? मग एवढंच सांगा, की तुम्ही काही पाहिलेलं नाही. तुमच्या शब्दावर तर नेलंय त्याला."

"बघतो," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आतल्या खोलीत जावई पलंगावर लोळत होता. लेक शेजारी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते उंबऱ्यावर उभे राहिले.

"मॅनेजरबाई," एवढंच म्हणाले.

जावयानं वर पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. लेकीनं घडी मोडून पुन्हा घातली.

"बाबा, आता बंद केलंय त्यांनी सगळं. मी माझी शपथ घातलीय."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग भांडी पुन्हा वाजू लागली, आणि त्यावरून कवळीवाल्यांना कळलं, की बायको आता त्यांना काहीच विचारणार नाही.

ठाण्यात साहेबाच्या टेबलासमोर टोपीवाला उभा होता. टोपी काढून घेतली होती. खालून पांढरे केस निघाले होते; दिसायचा त्यापेक्षा म्हातारा निघाला.

"हा म्हणतो, मला लिहिता येत नाही," साहेब म्हणाला. "इथं आल्यावर पुष्कळांना येईनासं होतं. तुम्ही याला फोनवर लिहिताना पाहिलंय का, तेवढं सांगा. नाही म्हणालात, तर मला परत तुमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल. घरात आणखी कोण कोण असतं हो?"

टोपीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो हसला. केविलवाणं, आर्जवी हसला. वरच्या पुढच्या दातांच्या जागी नुसती हिरडी होती, जुनी, कधीच आक्रसून गेलेली. लगेच त्यानं हात वर करून तोंड झाकलं.

असे ओठ मिटून येणारे लोक कवळीवाल्यांच्या खुर्चीत रोज बसत. बोलताना तोंडाशी काहीतरी धरत, कुणाच्या समोर बसायचं टाळत. त्यांना ते आपणहून धीर देत, म्हणत, लाजायचं काय त्यात. या माणसाच्या पाठीकडे मात्र ते इतके दिवस बघत राहिले होते आणि त्यांना मिजासच दिसली होती.

"काका?" साहेबानं विचारलं.

"पाहिलंय," ते म्हणाले. "रोज लिहायचा."