कडेवरची आपू

आकाश अकरा वर्षांचा असताना त्याला बहीण झाली. नाव अपेक्षा ठेवलं, पण घरात सगळे तिला आपू म्हणायचे. वडील साहेबराव तेव्हा चिकलठाण्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं. आपू आठ महिन्यांची झाली आणि आई आशाबाईला औषधाच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. पहिली पाळी. पहाटेच उठून डबे करायचे, सहाला कंपनीच्या बसला उभं राहायचं, तीनला परत. आकाशची शाळा साडेबाराची. तोवर आपू त्याच्याकडं, आणि मग आशाबाई येईपर्यंत शेजारच्या फहमिदाखालाकडं.

पहिले आठ दिवस आकाश घाबरला. मग सरावला. आपूला अंघोळ घालायची, टाळूवर तेल जिरवायचं, मऊ भात कुस्करून भरवायचा, कडेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत रेल्वे दाखवायला न्यायचं. बारा वर्षांचा झाला तसा तो भाकरीही थापायला लागला. आई कामावरून थकून येते हे त्याला दिसायचं. आपू पडली तरी आईकडं नाही, त्याच्याकडं धावायची. फहमिदाखाला म्हणायची, "इसके हाथां में माँ है."

साहेबरावांना हे सगळं माहीत होतं. चालतही होतं, कारण नात्यातलं कुणी ते पाहत नव्हतं.

आपू तीन वर्षांची झाली त्या वर्षी नागपंचमीला त्यांचे थोरले भाऊ कडुबा फुलंब्रीकडच्या गावाहून आले. सोबत दोन पाहुणे. आशाबाईला सुट्टी मिळाली नव्हती. आकाश आपूला कडेवर घेऊन गॅसवरची आमटी ढवळत होता. आदल्या संध्याकाळी त्यानं आपूच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली होती, आणि तिनं हट्ट धरला म्हणून आपल्याही एका तळहातावर ठिपक्याठिपक्यांचं फूल काढलं होतं. पाहुण्यांना पाणी देताना ते कडुबांना दिसलं.

"साहेबराव," ते म्हणाले, "लेकी किती रे तुला? दोन का?"

पाहुणे हसले. साहेबरावही हसले. आपण हसलो, हे त्यांना पुढं कित्येक वर्षं आठवत राहिलं.

पाहुणे जेवून बाहेर बसले तसं त्यांनी आकाशला मोरीवर ओढत नेलं. नळाखाली त्याचा हात धरला आणि भांडी घासायचा काथ्या घेऊन तळहात घासायला सुरुवात केली. मेंदी अशी निघत नाही. ती रंगलेली होती. तरी ते घासत राहिले. कातडी लाल झाली, एके ठिकाणी सोलली. आकाश ओरडला नाही, नुसता वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"हे हात कमवायला असतात," साहेबराव म्हणाले. "पोरं सांभाळायला आन् मेंदी लावायला नाय. समजलं का?"

दारात उभी राहिलेली आपू रडत होती. आपलेही हात घासणार असं वाटून तिनं ते पाठीमागं लपवले होते.

आठवडाभरात आकाशला कडुबांकडं गावी पाठवलं. आशाबाई एवढंच म्हणाली, "तो गेल्यावर आपूचं काय?"

"तू हायेस ना," साहेबराव म्हणाले.

आपू चार दिवस दारात बसून राहिली. पाचव्या दिवशी तापली. शेजारी तरी किती दिवस सांभाळणार? फहमिदाखालालाही तिची पोरं होतीच. महिना भरायच्या आत आशाबाईनं नोकरी सोडली. भांडली नाही. तीन वर्षं भरली की तिला लाइनवरची मुख्य करणार होते, हे साहेबरावांना नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ते म्हणाले, बरं झालं, घरात बाईमाणूस पाहिजेच.

दहावी करून आकाश परतला. मधल्या काळात दिवाळीला दोन दोन दिवस यायचा तेवढंच. आवाज फुटला होता, खांदे रुंद झाले होते. आला तसा खाटेवर बसला आणि म्हणाला, "आई, पाणी दे." सहा वर्षांची आपू आईच्या पदराआडून त्याच्याकडं बघत होती. त्यानं तिला जवळ बोलावलं नाही. साहेबराव शेजाऱ्यांना अभिमानानं म्हणाले, "आता दिसतोय गडी."

त्यानंतरची वर्षं सरळ गेली. आकाशनं आयटीआय केलं, कंपनीत लागला. पुंडलिकनगरात घर झालं. त्याचं लग्न झालं. तनुजा एका तपासणी लॅबमध्ये काम करायची, बोलायला मोकळी. आपू नर्सिंगला नांदेडला गेली. साहेबराव निवृत्त झाले. गेल्या वर्षी आकाशला मुलगी झाली. तिला सगळे छकुली म्हणत.

आकाशनं छकुलीला कधी उचललं नाही. सुरुवातीला तनुजाला वाटलं, नवा बाप आहे, घाबरत असेल. तीन महिने झाले तरी तेच. पाळण्याजवळून जाताना तो हात खिशात घालायचा. तनुजानं एकदा सासऱ्यांनाच विचारलं, "अण्णा, हे लहानपणापासून असेच का हो?" साहेबराव "व्हय" म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

एका शुक्रवारी आकाशच्या कंपनीला आठवड्याची सुट्टी होती. आशाबाई बहिणीकडं जालन्याला गेलेली. आदल्या दिवशी छकुलीला लस टोचली होती, म्हणून तनुजा निघताना दहादा सांगून गेली. साहेबराव भाजी आणायला गेले. तासाभरानं परतले तर जिन्यातच रडणं ऐकू आलं. नुसतं रडणं नव्हतं ते, आवाज बसून चिरका झाला होता. आकाश खुर्चीत बसलेला, फोन कानाला. तनुजाला सांगत होता, "तू ये घरी. मला नाय माहीत. तू ये."

साहेबरावांनी पिशवी टाकली आणि पाळण्यात हात घातला. पोर भाजत होती.

"अरे, बाप हायेस ना तू? उचलायला काय झालं होतं?"

आकाशनं फोन खाली ठेवला. "माझं काम हाय का ते?"

"मग कुणाचं हाय?"

"तुम्हीच सांगितलं होतं. हे हात कमवायला असतात." त्यानं आवाज चढवला नाही. "मी कमावतो. अजून काय पाहिजे?"

साहेबराव पाळण्यापाशी तसेच उभे राहिले. पोर रडतच होती. त्यांनी तिला कसंबसं उचललं, तर तिची मान मागं कलंडली आणि ते घाबरले. स्वतःची दोन पोरं त्यांनी कधी अशी घेतली नव्हती. एकसष्ट वर्षांच्या माणसाला हात कुठं ठेवावा कळत नव्हतं.

"मानेखाली हात घाला," आकाश म्हणाला.

तो खुर्चीतून उठला होता, पण जवळ आला नव्हता. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून भिंतीला टेकून उभा होता.

"असं नाय. एक हात मानेखाली, दुसरा कमरेखाली. हां. आता अंगावरचं काढा. ते झबलं नको, लई जाड हाय. पाणी कोमट करा, गार नको. कपडा पिळून काखेत आन् जांघेत पुसा. टोचलंय तिथं नका लावू. डॉक्टरनं दिलेलं औषध खिडकीत हाय, तनुजानं बाटलीवर खूण केलीय, तेवढंच द्या. डोकं वर धरून द्या, नायतर ठसकंल."

तो सांगत गेला, साहेबराव करत गेले. सतरा वर्षं झाली होती, तरी त्याला सगळं येत होतं. एकदा छकुलीनं औषध थुंकलं, तेव्हा आकाशचा उजवा हात काखेतून सुटून पुढं आला, आणि त्यानं तो लगेच मागं घेतला. साहेबरावांनी ते पाहिलं. पोरगा शिकलेलं विसरला नव्हता. फक्त त्याला हात लावायची बंदी होती, आणि ती बंदी त्यांची होती.

तनुजा रिक्षा करून धावत आली तोवर छकुली शांत झाली होती, ताप उतरायला लागला होता. तिनं पोरीला छातीशी घेतलं, ओला कपडा पाहिला, सासऱ्यांकडं पाहिलं. "अण्णा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

आकाश उभा होता तिकडं साहेबरावांनी बघितलं. तो चपला घालून खाली निघून गेला होता.

त्या दुपारी त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. मोरी, काथ्या, कडुबाभाऊ, सगळं. सांगताना स्वतःला वाचवायचा एक दोन ठिकाणी प्रयत्न केला, भाऊ कसा बोलला, लोक कसे हसले. तनुजा मध्येच म्हणाली, "पण हात तर तुम्ही धरला होता ना?" "व्हय," साहेबराव म्हणाले.

आशाबाई जालन्याहून आली तेव्हा तिच्याशीही बोलले. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली, म्हणाले. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "मी पण तर गप्पच बसले. पोरगं माझं होतं, त्याच्या हातावरची सालटं मी पाहिली होती. तूप लावलं आन् गप्प बसले." तिचे डोळे भरले. ते तिच्याजवळ सरकले, तर ती मेथीची परात उचलून आत गेली.

आकाशशी बोलायला त्यांना तीन आठवडे लागले. एका शुक्रवारी सकाळी तो खाली गाडी धूत होता. साहेबराव जाऊन उभे राहिले.

"आकाश, मी चुकलो. त्या पंचमीला."

आकाश चाक पुसत राहिला.

"भाऊ हसला आन् मला लाज वाटली. तुझी नाय, माझी. आन् ती मी तुझ्या हातावर काढली."

"आता काय उपयोग, अण्णा?"

"उपयोग नाय. सांगायचं होतं."

आकाशनं कपडा बादलीत पिळला. खाली बघूनच बोलायला लागला. "गावाला गेलो तर पहिले दोन महिने मी वाकडा चालायचो. तीन वर्षं आपू कडेवर, सवयच झाली होती. कडेवर कुणी नसलं तरी एका अंगाला झुकायचो. शाळेतली पोरं हसायची, माझ्या मागं तसंच चालून दाखवायची. मग मी रोज रानात जाऊन सरळ चालायचा सराव केला. एकटाच." त्यानं बादली उचलली. "दिवाळीला आलो तर ती माझ्याकडं आलीच नाय, आईच्या मागं लपली. त्यानंतर मी ठरवलं, कुणाला एवढा जीव लावायचा नाय."

साहेबरावांना वाटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. ठेवला नाही. तसा हात ठेवायचा आपल्याला आता हक्क राहिला नाही असं त्यांना वाटलं. आकाश पाणी ओतून वर गेला.

दिवाळीच्या सुट्टीत अपेक्षा नांदेडहून घरी आली. वीस वर्षांची, उंच, हजरजबाबी पोरगी. पण आकाश खोलीत आला की तिचं बोलणं आखडायचं. तिला घेऊन साहेबराव गच्चीवर गेले आणि तिलाही सांगितलं. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "मला वाटायचं मी दादाला आवडत नाही. माझं काहीतरी चुकलं असेल. शाळेत मैत्रिणींचे भाऊ न्यायला यायचे, मी म्हणायची, माझा दादा कामात असतो." मग तिला रडू आलं. "अण्णा, तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं? मी वीस वर्षांची झाले."

"लाज वाटली."

"पुन्हा लाजच," ती म्हणाली आणि खाली गेली. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. साहेबरावांनी तिला समजवायचा प्रयत्न केला नाही. तिचा राग त्यांना बरोबर वाटत होता.

तिला परत जायचं होतं त्या दिवशी आकाशची सुट्टी नव्हती. तरी सकाळी तो गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. "चल, सोडतो मुकुंदवाडी स्टेशनला." अपेक्षानं चमकून पाहिलं. साहेबराव बॅग घेऊन खाली उतरायला निघाले होते. त्यांनी बॅग आकाशच्या हातात दिली आणि वरच थांबले.

नांदेडची गाडी साडेअकराची होती. एक वाजला तरी आकाश परतला नाही, कामावरही गेला नव्हता. आशाबाई दोनदा खिडकीपाशी जाऊन आली. साहेबराव छकुलीला मऊ भात भरवत होते. हल्ली ते काम त्यांच्याकडं होतं. तनुजानं शिकवलं होतं आणि बरंचसं अंगावर सांडून का होईना त्यांना जमत होतं.

दीडच्या सुमारास दार वाजलं. आकाश बॅग घेऊन आत आला, त्याच्यामागं अपेक्षा. दोघांचे डोळे लाल होते.

"गाडी चुकली," अपेक्षा म्हणाली. "समोरून गेली. आम्ही बाकावर बोलत बसलो होतो."

"आता?" आशाबाईनं विचारलं.

"उद्या जाईन."

आकाश मोरीत गेला, तोंडावर पाणी मारलं. बाहेर आला आणि बहिणीला म्हणाला, "जेवून घे. सकाळपासून काय खाल्लं नाय तू." ती त्याच्याजवळ ताटावर बसली. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते, मध्येच ती हसली.

साहेबरावांना ते शब्द ऐकू येत नव्हते. जवळ जाऊन बसावं असं फार वाटलं. त्यांनी छकुलीचं तोंड पुसलं, तिला मानेखाली हात घालून उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार हळूच लोटून घेतलं.