ठिपका आणि रेघ

दिघ्यांना श्यामकांतचं गाणं पसंत होतं. अडचण वहीची होती.

"मास्तर, गळ्याबद्दल प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण आमच्या शुभाला गाण्याच्या परीक्षेला बसवायचंय. तिथे लेखीही असतं. तुम्हाला... म्हणजे, वही कशी तपासणार?"

श्यामकांत नवव्या वर्षी देवीच्या साथीत आंधळा झाला. त्याचं सगळं शिक्षण कानांनी झालेलं. मुलुंडला थोरल्या भावाकडे, अनंताकडे येऊन त्याला सहा वर्षं झाली होती आणि शिकवणीसाठी कुणी दारात येण्याची ही पहिलीच वेळ. तो नुसता मांडीवर बोटं फिरवत राहिला.

अनंताची बायको कुंदा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिला ते बघवेना.

"वही मी तपासेन," ती बोलून गेली.

एक तारखेपासून मुलीला पाठवतो म्हणून दिघे गेले. त्यांची पावलं जिन्यावर विरली तसा श्यामकांत म्हणाला, "वहिनी, सा कुठला अन् प कुठला हे तरी कळतं का तुम्हाला?"

"नाही. पण मराठी सातवी पास आहे मी. अक्षरं वाचता येतात."

हाताशी पंधरा दिवस होते. पेटी मिळाली मागच्या चाळीतल्या दशरथ परबांकडून, भजनी मंडळाची. "घेवन जावा वहिनी," ते म्हणाले, "पण शनवारी आमका होयी हां. नायतर म्हातारे माका मंडळात घेवचे नाय." वह्या, पेन्सिली स्टेशनाजवळ मिळाल्या. परीक्षेची पुस्तकं मात्र संपली होती. मग अनंताला कचेरीत कुणीतरी घाटकोपरच्या माणिकताईंचं नाव सांगितलं. त्यांचे यजमान गाणं शिकवायचे. ते वारल्यापासून पुस्तकं ट्रंकेत पडून होती.

कुंदा दिराला घेऊन तिथे गेली. माणिकताई तांदूळ निवडत होत्या.

"यांना दिसत नाही, मग पुस्तकं कशाला?"

"वाचणार मी, गाणार हे," कुंदा म्हणाली.

"मग म्हणा काहीतरी."

श्यामकांतने बसल्या जागी भीमपलास धरला. माणिकताईंचा सुपातला हात थांबला. त्याचं म्हणून झाल्यावर त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि तीन पुस्तकं पदराने पुसून कुंदाच्या हातात दिली. निघताना श्यामकांतचा हात कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या खोळीला लागला.

"हा?"

"तो नाही द्यायचा."

"माफ करा, उगाच विचारलं."

"माफी कसली? कुणीतरी विचारावं असं वाटतच होतं. द्यायचा मात्र नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचन सुरू झालं.

"नी, खाली आडवी रेघ," कुंदा वाचू लागली. "मग सा. मग ग, त्याच्याखालीही रेघ. म."

श्यामकांतने ते म्हणून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "असं कुणी गात नाही. नीवरून एकदम खाली उडी? कुणी बिनडोक माणसाने लिहिलंय हे!"

कुंदाने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "भावोजी, नीच्या खाली एक ठिपकापण आहे. मला वाटलं शाईचा डाग."

"डाग? अहो, रेघेने सूर कोमल होतो, अन् त्या ठिपक्याने खालच्या सप्तकात जातो!"

"मग मला कोणी सांगितलं होतं?" कुंदाचा आवाज चढला. "सकाळपासून स्वयंपाक, धुणं, वर हे. तुम्ही चिडायचं आणि मी ऐकून घ्यायचं?" पुस्तक आपटून ती आत गेली.

बऱ्याच वेळाने भिंत चाचपत श्यामकांत स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"दिघे नाही म्हणतील याची धास्ती घेतलीय मी, वहिनी. ती तुमच्यावर निघाली."

कुंदा कणीक मळत होती. राग पुरता गेला नव्हता.

"तो नी म्हणून दाखवा," ती म्हणाली. "वरचा आणि खालचा. ठिपका दिसला की मला कळायला नको?"

त्याने म्हणून दाखवला. "आता तुम्ही."

"मी?" आरतीपलीकडे तिने कधी सूर काढला नव्हता. पण कणकेचे हात तसेच ठेवून तिने म्हटलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा श्यामकांत हलकेच म्हणाला, "हाच."

एक तारखेला शुभा आली. वडील खुर्चीवर बसून होते. श्यामकांतच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण आणि मिटलेले डोळे पाहून पोरगी तोंडच उघडेना. दिघे चुळबुळ करू लागले.

"वहिनी, तुम्ही म्हणा तिच्याबरोबर," श्यामकांत म्हणाला.

परक्या पुरुषासमोर! कुंदाचे कान तापले. तिने पुस्तकात मान घातली आणि खालचा नी लावला. दुसऱ्या ओळीला शुभाचा बारीक आवाज तिच्यात मिसळला, चौथ्या ओळीला तो पुढे गेला. दिघे उठले आणि चपला घालून गेले, तेही दोघींना कळलं नाही.

वर्षअखेर शुभा पास झाली. तोवर आणखी तीन मुली येऊ लागल्या होत्या. पुढच्या वर्षी परीक्षेचा एक फॉर्म जास्त आला आणि तो अनंत भरायला बसला. कुंदाचं नाव, वय लिहून झालं. गुरूच्या रकान्यापाशी तो थांबला.

"अगं, इथे भाऊ लिहू का?"

"अहो, नाव लिहा," कुंदा म्हणाली. "पूर्ण नाव. पंडित लिहिलंत तरी चालेल."

आतून श्यामकांत हसला. "पंडित नको. परीक्षक घाबरतील."