हरकत नाही

बेल वाजली तेव्हा ठकीचा नुकता कुठे डोळा लागला होता. ठकी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव दाखल्यावर आहे, घरात ते कुणी वापरत नाही. बेलने ती दचकली आणि तिने असा सूर लावला की दार उघडेपर्यंत माझ्या कानात दुसरं काही शिरेना.

दारात नगरपालिकेची मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. "ताई, गल्लीतलं पाळणाघर मंडईच्या इमारतीत हलवायचंय. त्याबद्दल लोकांचं मत..." तेवढ्यात तिला माझ्या खांद्यावरची ठकी दिसली. "अगं बाई, माझ्यामुळे उठलं का बाळ? सॉरी हं ताई."

"हरकत नाही," मी म्हणाले.

तिने काहीतरी लिहिलं आणि ती शेजारच्या दाराकडे वळली. मी दार लावून घेतलं. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे. ठकी रडली की उचलायची, झोपली की ठेवायची. कुणी घरच उचलून न्यायला आलं असतं तरी म्हटलं असतं, न्या, फक्त पाळण्याला धक्का लावू नका.

"कोण होतं गं?" सासूबाईंनी आतून विचारलं. मी सांगितलं. त्या घड्या घालायचे कपडे तसेच टाकून बाहेर आल्या. "मंडईत? अगं, मंडईचं शटर दहाला वर जातं. तू तर उजाडताच निघतेस!"

मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक उपाशीपोटी येतात, म्हणून आमचं दार सगळ्यांच्या आधी उघडतं. रजा संपत आली होती. सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडलीत. ठकीला त्या मांडीवर खेळवतात, पण उचलू शकत नाहीत. पाळणाघर होतं म्हणून नोकरी होती. हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक होतं.

नगरपालिकेत पाळणाघराबद्दल सुनावणी होती, तिला मला नवऱ्याने नेलं, म्हणजे हाताला धरून नेलं. पंखे घरघरत होते. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी शांतपणे सांगितलं, "छत गळतंय, दुरुस्ती करावी लागणार, म्हणून स्थलांतर. आम्ही घरोघरी जाऊन विचारलंय. पाळणाघराच्या गल्लीत तर प्रत्येक घराने 'हरकत नाही' असंच सांगितलंय."

मी उभी राहिले. का, ते माहीत नाही. "ते मी बेलबद्दल म्हटलं होतं."

"म्हणजे?"

"बाळ उठवलं म्हणून ती सॉरी म्हणाली. मी म्हटलं, हरकत नाही."

मागून शेजारचे काका ओरडले, "माझ्या दारात तिचं पेन संपलं, म्हणून तिने माझं मागितलं हो! मीही तेच म्हटलं. पेनही गेलं आणि आता पाळणाघरही!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग कसं विचारायला हवं होतं?"

हसणं थांबलं. असं विचारतील याची कुणी तयारीच केली नव्हती.

"संध्याकाळी पाळणाघराच्या दाराशी या," मी म्हणाले. "मुलांना न्यायला सगळे तिथेच येतात. आणि हरकत आहे का, असं विचारू नका. हे हललं तर तुम्ही काय कराल, ते विचारा."

"तुम्हालाच विचारते. काय कराल?"

"नोकरी सोडेन." पत्ता सांगावा तसं मी सांगितलं.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. "हे मला कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठे विचारलंस?"

दोन दिवसांनी बाई खरंच आल्या. पाळणाघरातल्या मावशींनी घाईघाईने पुढे केलेल्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीशी आणून. ती बेलवाली मुलगी शेजारी लिहायला. आता ती प्रत्येकाला आपण काय लिहिलं ते वाचून दाखवत होती. सगळे काही एकमताचे नव्हते. एका बाबाला मंडईच हवी होती, त्याचं दुकानच तिथे. एकीला मंडईचा जिना नको होता. "जुळी आहेत माझी. एक वर न्यायचा, तोवर दुसरा खाली गाडीपुढे!" शेवटी बाईंनी विचारलं, "एकेक खोली बंद करून छत दुरुस्त केलं तर? मुलं दाटीवाटीने बसतील. धूळ होईल. आवाज होईल." त्यावर बरीच हुज्जत झाली. मंडईवाला बाबा रागावून निघून गेला. पण बहुतेकांनी दाटी पत्करली.

पाळणाघर गल्लीतच राहिलं. निरोप आला तेव्हा सासूबाईंनी देवाला हात जोडले, नवऱ्याने फोनवर बहिणीला सांगितलं. मी ठकीची लंगोटी बदलत होते. बरं झालं, असं म्हटलं. मला काहीतरी वाटेल म्हणून दोघं माझ्याकडे बघत होती, तेव्हा हसलेही.

रजेनंतर कामाचा पहिला दिवस. अजून नीट उजाडलं नव्हतं. मुलं भरायच्या आत उरकायचं म्हणून एका खोलीतून ठोकल्याचा आवाज आधीच येत होता, दारात सिमेंटची पोती. ठकी रडेल म्हणून मी तिला घट्ट धरलं होतं. मावशींनी हात पुढे केले आणि ती गेली. सहज गेली. त्यांच्या कानातलं धरून बघायला लागली, माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

"जा गं तू," मावशी म्हणाल्या, "उशीर होईल."

मी निघाले. कोपऱ्यापर्यंत दोन्ही हात छातीशी तसेच वाकवलेले होते. समोरून येणाऱ्या कुणा बाईने त्या हातांकडे पाहिलं, तेव्हा कुठे मी ते खाली सोडले.