सगुणाची हजेरी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या शाळेत कोणी कोणाशी धड बोलत नाही. सगळ्या बाई माना खाली घालून प्रगतिपुस्तकं भरत असतात. गुण भरणं सोपं. जीव खातात त्या वर्णनात्मक नोंदी, म्हणजे मुलाची विशेष प्रगती काय, आवड कशात, सुधारणा कुठे हवी. त्यासाठी तयार वाक्यांची एक झेरॉक्स दरवर्षी हातोहात फिरते. ‘आवडीने वाचन करते.’ ‘इतरांना मदत करते.’ नाव बदला, वाक्य डकवा. सव्वीस वर्षं मी त्या झेरॉक्सला हात लावला नव्हता. माझ्या पोरांबद्दल मी माझ्या शब्दांत लिहिते, एवढी घमेंड मला होती.

यंदा एकतिसाव्या नावाशी अडकले आणि शेजारच्या वर्गातून ती झेरॉक्स गुपचूप मागून आणली.

एकतिसावं नाव सगुणाचं. तिसरीतली पोर. बाप रघु एका बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन होता. दिवाळीत साइट संपली आणि रघु, त्याची बायको तुळसा आणि पोरं खडवलीकडे वीटभट्टीवर गेली. तेव्हापासून सगुणाने वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. आणि माझ्या हजेरीपटावर मात्र ती जवळजवळ रोज हजर होती.

खोटी हजेरी मी लावली. उगाच दुसऱ्याच्या नावावर ढकलत नाही. आमच्या हेडसरांना, भोईर सरांना, ‘शून्य गळती’ हवी होती हे खरं. पण ते निमित्त. माझी पोटतिडीक वेगळी होती. पटावरून नाव कापलेलं मूल परत येत नाही, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की लाल पेन हातात घेतलं की माझा हात थांबतो. सगुणा तर वर्गातली सगळ्यांत चांगली वाचणारी. धडा वाचताना मध्येच थांबून म्हणायची, “बाई, हे खोटं वाटतं.” अशा पोरीचं नाव मी कापणार? चाचण्यांचे गुणसुद्धा मी अंदाजाने भरले, आणि तेही कमीच भरले, जणू त्याने पाप हलकं होणार होतं.

डिसेंबरात एकदा रघुचा फोन आलेला, कोणाच्या तरी मोबाइलवरून.

“बाई, पोरीचं नाव अजून हाय का तिकडं?”

“आहे म्हणजे काय! मी असेपर्यंत कोणाची टाप नाही कापायची. तू निर्धास्त राहा.”

रघुने घसा खाकरला. मग “बरं बाई” म्हणून त्याने फोन ठेवला. तो दिवसभर मी स्वतःवर फार खूश होते.

त्यात यंदा ठाण्याला जिल्ह्याची वर्षअखेरची आढावा बैठक लागली. विषय, विद्यार्थ्यांचं यश आणि स्वास्थ्य. प्रत्येक शाळेने दोन पानं लिहायची आणि एका मुलाचं उदाहरण द्यायचं. सरांनी हजेरीपट चाळले आणि आनंदाने माझ्याकडे आले. “कल्पिताबाई, ही सगुणा! मजुराची पोर आणि उपस्थिती चौऱ्याण्णव टक्के. हिच्यावर लिहा. आपला सत्कार पक्का.” सरांनी कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. मी लिहून दिलं. कागदी घोडे नाचवायला एकदा शिकलं की ते छान नाचतात.

एक मेला निकाल वाटला. एक प्रगतिपुस्तक टेबलावर उरलं. निदान ते तरी तिच्या हातात द्यावं म्हणून मी ते, एक कंपासपेटी आणि चौथीचं जुनं पुस्तक पिशवीत टाकलं आणि खडवलीला गेले. स्टेशनवरून रिक्षावाल्याने भट्टीपर्यंत सोडलं. अकराचं ऊन होतं. सगुणा ओळीत मांडलेल्या कच्च्या विटा उलटत होती, दोन्ही हातांनी, भराभर, सराईत बाईसारखी. मला बघितल्यावर ती उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, “नमस्ते बाई.”

“पास झालीस गं. चौथीत गेलीस. वाच बघू, काय लिहिलंय तुझ्याबद्दल.”

तिने हात फ्रॉकला पुसून प्रगतिपुस्तक घेतलं. स्वतःचं नाव वाचलं. मग बोट नोंदीवर ठेवलं. “आ… व… डी… ने…” पुढच्या शब्दावर बोट थांबलं. ओठ हलत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पुस्तक मिटून परत दिलं. तो शब्द ‘वाचन’ होता.

सहा महिन्यांत इतकं जातं? जातं. हे मीच बाकीच्या बाईंना शिकवत आलेय. मी तुळसावर चिडलेच. “अगं, इथे शाळा नाही का? चार दिवस तरी पाठवायचं!”

तुळसाने डोक्यावरचा पदर सारखा केला. “नेलेलं बाई. दिवाळीनंतर लगेच नेलेलं. मास्तर चांगले होते, आठवडाभर बसवून पण घेतलं. मग कम्प्युटरमधी बघितलं. म्हणाले, ही तर डोंबिवलीला रोज शाळेत जाते. तिकडून सोडल्याशिवाय हिचं नाव इकडं चढत नाही. तिकडच्या बाईंकडून हमी कार्ड आणा.”

शिक्षण हमी कार्ड. काम शोधत गाव सोडणाऱ्यांच्या मुलांना पहिल्या शाळेने द्यायचं, म्हणजे नवी शाळा त्यांना बसवून घेते. त्यांचा कोरा गठ्ठा माझ्याच कपाटात पडला होता.

“मग रघुने मला का नाही सांगितलं?”

“फोन केला ना तुम्हाला.” तुळसा खाली बघत म्हणाली. “तुमी म्हणाल्या, कापणार नाही. एवढ्या मायेनं ठेवलंय बाईंनी, त्यांना काढा कसं म्हणायचं? ते बोलले, ऱ्हाऊ दे, बाईंना वाईट वाटंल.”

मी तिथेच मातीच्या ढिगावर बसले. मला वाटत होतं की मी तिच्यासाठी दार उघडं धरून ठेवलंय. मी ते बाहेरून लावून घेतलं होतं, आणि वर तिच्या बापाला निर्धास्त राहा म्हणून सांगितलं होतं. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. तुळसाची माफी मागितली तर तिने घाईघाईने पाणी आणून दिलं, जणू मलाच ऊन लागलं होतं.

सगुणा मघापासून काहीतरी विचार करत होती. “बाई, मी रोज हजर होते?”

“हो.”

“मंग माझ्या जागेवर कोण बसत होतं?”

तिने थट्टा केली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला कंपासपेटी दिली. चौथीचं पुस्तक मात्र पिशवीतून काढवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट आणि भरलेलं हमी कार्ड घेऊन सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. सर आधी लाल झाले, मग पांढरे.

“बाई, अहवाल छापून आलाय. परवा ठाण्याला बैठक. झाकली मूठ सव्वा लाखाची. कार्ड आता गुपचूप देऊन टाका, जूनमध्ये ती जाईल तिथे बसेल. पट कशाला उघडता?”

“कारण पटावर ती शिकलेली आहे, सर. जूनमध्ये कुठल्याही शाळेत गेली तरी तिला चौथीचं पुस्तक देतील, आणि तिला ‘वाचन’ वाचता येत नाही. कोणीतरी लिहायला हवं की तिचे सहा महिने गेलेत. तरच तिला कोणी मागचं शिकवेल.”

“चौकशी लागेल. दोन वर्षं राहिलीत तुमची निवृत्तीला. पेन्शन अडकेल.”

“माहीत आहे.”

भीती वाटतच होती, नाही असं कसं म्हणू? नवरा गेल्यापासून माझं घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय. पण मी पट टेबलावर उघडला आणि लाल पेनचं टोपण काढलं.

सरांनी समोरचा छापील अहवाल उघडला. मग हताश होऊन म्हणाले, “अहो, पण मी बैठकीत काय सांगू? विचारतील ना मला, एवढे दिवस तिच्या जागेवर होतं कोण?”

“तीही हेच विचारत होती, सर.”

सरांनी चष्मा काढला आणि ‘मग हीही बदला’ म्हणत अहवालाची दोन पानं माझ्याकडे सरकवली. मी दिवाळीनंतरचा पहिला दिवस शोधला, सगुणाच्या नावापुढचं ‘हजर’ खोडलं आणि शेजारी सही केली. अजून एकशे नऊ दिवस खोडायचे होते.