सतरा नंबरची मुळं

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. त्यावर तुरीचं रोप होतं, रोपाखाली काळी माती होती, आणि मातीत चार बोटं उतरलेली मुळं कात्रीने कापावीत तशी एकदम थांबली होती. खाली नुसता कोरा कागद. त्याच्या मागोमाग आणखी एक कागद सरकत आला. त्यावर इंग्रजीत एवढंच, की पानासाठी मेमरी कमी पडली.

सुमेधाने दोन्ही कागद आधीच्या कागदांवर ठेवले. तिथेही तीच तुटकी मुळं.

नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात जेवणं नुकतीच आटोपली होती. जूनचं ऊन खिडकीच्या काचेला टेकून उभं होतं. पाऊस अजून यायचा होता, पण हवा दमट झाली होती. शेजारच्या खोलीत बियाण्याला औषध चोळत होते, त्याचा गोडसर वास पंख्याबरोबर गोल गोल फिरत होता. अशा वेळी ऑफिस पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. माणसं हळू चालायची, फोन लांबून वाजायचे.

पण आज गाडी पाच वाजता निघणार होती. अंबडच्या रस्त्याला कंपनीचं फार्म होतं आणि तिथल्या प्रयोगाच्या रानात तुरीच्या एकाच वाणापुरती जागा उरली होती. दावेदार दोन होते, नऊ नंबर आणि सतरा नंबर. ज्याला जागा मिळणार नाही ते वाण यंदापासून बंद. पुन्हा पेरायचं नाही, वाढवायचं नाही.

निवड करायचे तातेराव. तुरीत त्यांची सगळी हयात गेली होती. कोणतं रोप ठेवायचं आणि कोणतं उपटायचं, हे कंपनीत त्यांच्या नजरेवर चालायचं आणि ते कुणालाही वावगं वाटायचं नाही. नऊ नंबर त्यांनी स्वतः घडवलेलं, उंच, भरदार. सतरा नंबर दिसायला खुरटं. सुमेधा एमएस्सी होऊन इथे लागली तेव्हा तिला काचेच्या पेट्यांचं काम मिळालं होतं. एका बाजूला काच असलेल्या लाकडी पेटीत रोप वाढवायचं आणि काचेमागे मुळं कशी उतरतात ते पाहायचं. उन्हाळाभर तिने दोन्ही वाणांची मुळं पाहिली. पेट्या रिकाम्या करण्याआधी फोटो काढले. सतरा नंबरच्या फोटोत तिने जे पाहिलं, ते तातेरावांनी बघावं एवढंच तिचं मागणं होतं. त्यांनी पाहिलं नाही, तर ते वाण आज संध्याकाळी संपणार होतं.

"काय म्हणतंय तुझं लेकरू?" दारातूनच तातेरावांनी विचारलं.

"छापलं जात नाही, तात्या."

त्यांनी वरचा कागद उचलला आणि खिडकीपाशी नेला. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना स्क्रीन बघवत नसे. उजेडामुळे डोळ्यांपुढं दूध सांडतं, असं ते म्हणत. कागद मात्र उन्हाच्या उजेडात तिरका धरला की त्यांना अजून केसाएवढी रेघ दिसायची.

"वर वीतभर, खाली चारच बोटं," ते म्हणाले. "नऊच्या कमरेला बी लागत न्हाई हे."

"खालचं अजून छापलंच नाही ना!"

"मंग न छापलेलं मी कसं बघू, बाई? अंतर्ज्ञानी हाय का मी?"

"पेटीत मुळं तळापर्यंत गेली होती. पावसाने ओढ दिली तरी खालची ओल त्यांना मिळेल."

"तू सांगतीस ते खरंच असंल. पण लेकराची तारीफ आई करून राह्यली म्हणल्यावर..." ते हसले आणि खुर्चीत बसले. "कमी कर की जरा. बारीक छाप."

तेही करून झालं होतं. फोटो हलका केला की पान पूर्ण यायचं, पण बारीक तंतू एकमेकांत विरघळून मातीवर राखाडी धुकं पसरायचं. नऊ नंबरचं धुकं आणि सतरा नंबरचं धुकं सारखंच दिसायचं. बाहेर स्टेशनच्या रस्त्याला छपाईची दुकानं होती, पण बाजारात न आलेल्या वाणाचा फोटो ऑफिसाबाहेर न्यायचा नाही, हा नियम स्वतः तातेरावांनीच घालून दिला होता.

"एवढं थोराड मशीन," ते प्रिंटरकडे बघत म्हणाले, "आणि अर्ध्यातच दम सोडतं?"

"हे मशीन ओळीओळीने लिहीत नाही, तात्या. आधी अख्खं पान पोटात तयार ठेवतं. कागद एकदा आत शिरला की तो मध्ये थांबवता येत नाही, म्हणून. आणि या फोटोत इतके तंतू आहेत, की पान पोटात मावतच नाही."

"मंग पोट वाढव त्याचं."

सुमेधाला तेव्हा आठवलं. हिवाळ्यात लेबलं अर्धवट छापली जायची म्हणून राधेश्यामजींनी मेमरीचं कार्ड मागवलं होतं. नंतर लेबलं दुसऱ्या प्रिंटरवर गेली आणि कार्डाचा विषयच मिटला. ती त्यांच्या केबिनपाशी गेली. राधेश्यामजी ऑफिसचं सगळं सामान बघायचे. फोन कानाला तसाच ठेवून ते म्हणाले, "आलं ना, कब का आलं! भुजंगकडे दिलं. म्हटलं नाजूक माल हाय, कोरड्यात ठेव."

भुजंग म्हणजे गोदामाचा माणूस. कोल्ड रूमची चावी त्याच्या कमरेला असे. आणि कंपनीत नाजूक म्हटलं की एकच जागा.

"भुजंगभाऊ, तुम्ही ते कार्ड कुठे ठेवलं?"

"कोल्ड रूममध्ये. मूळ बियाण्याच्या फळीवर," भुजंग म्हणाला. "बिलकुल टकाटक हाय, ताई. आणू का?"

तो कोल्ड रूममध्ये गेला आणि चांदीच्या रंगाची थैली घेऊन वर सुमेधाच्या टेबलापाशी आला. तातेराव तिथेच बसले होते. थैली नीट सीलबंद होती. वर लेबल होतं, कारण लेबलाशिवाय त्या खोलीत काहीच जात नसे. पीक: प्रिंटर. वाण: मेमरी. हंगामाच्या रकान्यात त्याने थोडा विचार करून खरीप लिहिलं होतं.

"खरीप का?" तातेरावांनी विचारलं.

"रब्बीत आल्तं, तात्या. मंग लावायचं म्हणजे खरिपातच की."

सुमेधा हसली, आणि हसता हसता तिने थैली फाडली. आतली काळपट पिशवीही फाडली. हिरवं कार्ड तिच्या बोटांत आलं, बर्फासारखं थंड. कार्डाच्या कडेचे सोनेरी दात चमकले. तिच्या डोळ्यांदेखत त्यांच्यावर धूसर पडदा चढला आणि मग त्या पडद्याचे बारीक थेंब झाले.

ती तशीच उभी राहिली.

कोल्ड रूममधली थैली बाहेर आणली की तिला घाम येतो. तो सुकून थैली बाहेरच्या हवेइतकी होईपर्यंत ती उघडायची नाही, नाहीतर तोच घाम बियाण्यावर बसतो. या कंपनीत नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. नवीन पोरांना ती स्वतः सांगायची, दमट हवेतली वाफ थंड वस्तूवर का जमते ते फळ्यावर काढूनसुद्धा दाखवायची.

"उघडलं का?" भुजंगने विचारलं. त्याने मान वळवली आणि छताकडे बघू लागला. हसू लपवायची त्याची तीच तऱ्हा होती.

"आता हे असंच लावलं तर जळेल," सुमेधा म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आला.

"बियाणं भिजलं तर काय करतेस?" तातेरावांनी विचारलं.

प्रयोगशाळेत जाड काचेची बरणी होती. तिच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे, वर जाळी. बियाण्याचे नमुने त्यात सुकवत. सुमेधाने कार्ड कडेने धरून जाळीवर ठेवलं आणि झाकण फिरवून घट्ट बसवलं. बाकी काही करण्यासारखं नव्हतं. फुंकर मारायची नाही, पुसायचं नाही, उन्हात धरायचं नाही. नुसतं बसायचं.

तातेराव खुर्ची ओढून बरणीपाशी आले. भुजंग नऊ नंबरच जाणार असं धरून गाडी भरायला गेला. दुपार आणखी मंद झाली. बरणीत ते छोटं हिरवं कार्ड निळ्या खड्यांवर तरंगत असल्यासारखं दिसत होतं. त्यावरच्या बारीक रेघा एका जागेवरून फुटून, वळून, पुन्हा जवळ येऊन पलीकडे उतरत होत्या. सुमेधाला वाटलं, ही पण कुणीतरी पेटीत वाढवून काचेमागून पाहिलेली मुळं आहेत.

"मला मुळं स्वप्नात दिसतात," तातेराव डोळे मिटूनच म्हणाले. "जागेपणी कधी बघितली न्हाईत. उपटल्यावर जी हातात येतात ती मेलेली. चालती मुळं न्हाई बघितली."

"स्वप्नात कशी असतात?"

"मी रानात निजलेलो असतो. खालून कोणी तरी हळूच चालून राह्यलंय, असं पाठीला कळतं. उठून बघतो तर वर रोपच न्हाई." त्यांनी डोळे उघडून बरणीकडे पाहिलं. "नऊ नंबर मी वरचं बघून केलं. जन्मभर वरचंच बघितलं. दुसरं दिसतच नव्हतं, तर काय करणार?"

बरणीतले थेंब लहान होत होते. आधी कडांवरचे गेले, मग मधले. शेवटचा एक थेंब सोनेरी दातांमध्ये बराच वेळ अडून बसला. तिने क्षणभर नजर हटवून पुन्हा पाहिलं तेव्हा तोही नव्हता. खाली काही निळे खडे गुलाबी झाले होते.

तरीही ती आणखी थोडं थांबली. मग बरणी उघडली, प्रिंटर बंद केला, वायर काढली. आधी त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण अंगातली वीज बोटांतून कार्डात उतरली तर एवढं सुकवलेलं वाया जाईल. बाजूचं झाकण सरकवलं. आत धूळ होती आणि एक रिकामी खाच. कार्डाच्या कडेची छोटी खूण खाचेतल्या उंचवट्यासमोर आणून तिने दोन्ही टोकं सारखी दाबली. दोन्हीकडच्या खिट्या टक् करून बसल्या.

प्रिंटर सुरू झाला, घरघरला, गप्प झाला. तिने त्याचं माहितीचं पान छापून घेतलं. मेमरीच्या पुढचा आकडा वाढलेला होता.

"बराबर?" तातेरावांनी विचारलं.

"बरोबर."

तिने फोटो पाठवला. या वेळी पान पूर्ण आलं. रोप, माती, वरपासून खालपर्यंत. पण सगळ्यावर तेच राखाडी धुकं.

बाहेर भुजंगने गाडीचं मागचं दार लावल्याचा आवाज आला. तिने डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून विचार केला. फोटो हलका करायचं तिने बंद केलं होतं. प्रिंटरला आपलं पोट वाढलेलं कळलं होतं, छापूनच दिलं होतं त्याने. मग फोटो हलका करत कोण होतं? कॉम्प्युटर. त्याच्या लेखी प्रिंटर जुनाच होता. त्याचं पोट अजून लहानच आहे असं समजून तो बिचारा त्याच्या ताटात थोडंच वाढत होता.

तिने कॉम्प्युटरवर प्रिंटरची माहिती उघडली. बसवलेली मेमरी, त्यापुढे जुनाच आकडा. तो खोडून माहितीच्या पानावरचा आकडा घातला. खाली अख्खं पान आधी साठवून घेण्याची खूण होती, तीही चालू केली. फोटो पुन्हा पाठवला.

प्रिंटर बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. मग आत कुठेतरी रूळ फिरला आणि कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी खुरटं रोप. मग माती. मग जिथे दुपारभर मुळं तुटत होती ती जागा, आणि तिथून ती न थांबता खाली गेली. एक जाड मूळ, त्याच्या अंगाला पांढरे तंतू, तंतूंना आणखी तंतू, उजेड जमिनीत शिरावा तसे.

तातेरावांनी तो गरम कागद दोन्ही हातांवर घेतला आणि खिडकीपाशी नेला. तिरका केला. बोट पानांवर ठेवलं आणि खाली नेत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पेटीच्या तळाशी बोट थांबलं. तिथे लाकडी फळीला लागून मूळ वळलं होतं आणि फळीच्या कडेकडेने पुढे जात फोटोच्या चौकटीबाहेर निघून गेलं होतं.

"पेटी संपली," ते म्हणाले. "हे न्हाई संपलं."

"नऊचं छापू?"

"छाप."

नऊ नंबरची मुळं पेटीच्या मध्यापर्यंत गेली होती, छान पसरलेली. खाली काळी, मोकळी माती. तातेरावांनी तो कागद फार वेळ हातात धरला नाही. घडी मात्र केली नाही. हलकेच टेबलावर ठेवला.

"भुजंग!" त्यांनी खिडकीतून हाक मारली. "गाडीतलं नऊ उतरव. सतरा आण."

"नऊ उतरवू?" खालून आवाज आला. "तुमचं नऊ, तात्या?"

"कानात बोळे घातले का? जल्दी कर, गाडी खोळंबलीय."

मग ते पुन्हा खुर्चीत बसले, सतरा नंबरचा कागद मांडीवर घेऊन. उन्हाने खिडकी सोडली होती. त्यांचं बोट अजून त्या वळणावर होतं, आणि चेहरा पाठीखालून कोणीतरी चालत असल्याचं ऐकणाऱ्या माणसासारखा.

सुमेधा खाली गेली. भुजंगने कोल्ड रूममधून सतरा नंबरची थैली आणून तिच्या हातात दिली. थंड थैलीवर तिच्या बोटांभोवती घाम फुटू लागला.

"फार्मवर पोचेपर्यंत उघडायची न्हाई, ताई," भुजंग छताकडे बघत म्हणाला. गोदामाच्या दारात छत नव्हतं, नुसतं आभाळ होतं.

"माहिती आहे," ती म्हणाली, आणि थैली तशीच बंद, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर सावलीला ठेवली.