माझ्या पोटातला मुका तुकडा

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. वय दोनच महिने, पण अमरावतीच्या तपासणी केंद्रातल्या खणात पडून राहिलं की तेवढ्यातही म्हातारपण येतं.

माझ्या पोटात संध्याताईच्या मांडीच्या हाडातल्या गाठीचा नमुना आहे. ताई वरूडला संत्री पॅक करते. सुईनं काढलेले दोन तुकडे तिचा भाऊ नितेश बसनं घेऊन आला. एक हाडासारखा टणक, दुसरा मऊ, कानातल्यासारख्या लवचीक कूर्चेचा.

"काका, तिले लय दुखून राहिलं. रिपोर्ट लवकर भेटन का?"

"परवा ये," केंद्रातले जुने तंत्रज्ञ शालिकराम म्हणाले.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हाडाचे पातळ काप करण्याआधी ते आम्लात मऊ करावं लागतं. सौम्य आम्लाला आठवडा लागतो, कडक आम्लाला एक दिवस. शालिकरामांना पोराची दया आली. त्यांनी दोन्ही तुकडे कडक आम्लात टाकले. मऊ तुकड्याला आम्लाची गरजच नव्हती, पण तीस वर्षांची सवय. मग मेण ओतून मला घडवलं. रिपोर्ट वेळेत गेला, सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.

रिपोर्टात मात्र शंका होती: कर्करोग कूर्चेचा की हाडाचा? कूर्चेचा असेल तर थेट ऑपरेशन, हाडाचा असेल तर आधी काही महिने केमो. मोठ्या डॉक्टरांनी आयडीएच-१ हा जीन तपासायला सांगितला आणि मला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तो बिघडला की पेशीत भलतंच रसायन तयार होतं, कूर्चेच्या कोवळ्या पेशी मोठ्या व्हायचं सोडून नुसत्या वाढत सुटतात. हाडाच्या कर्करोगात हा बिघाड सहसा नसतो.

उत्तर माझ्याच पोटात होतं. पण आम्लानं जीनचे तुकडे तुकडे केले होते. 'वाचता येत नाही' असा शेरा घेऊन मी परत आलो. इतका राग मला कधी आला नव्हता.

ताई स्वतः आली, लंगडत.

"पुन्हा टोचतीन? पयल्याच वेळी नीट काहून नाही केलं?"

शालिकराम म्हणाले, "चूक माह्यी हाय, बाई."

ताईला पुन्हा टोचलं. यावेळी त्यांनी मऊ तुकडा आधी आम्ल नसलेल्या वेगळ्या बाटलीत ठेवला. जीन बिघडलेलाच निघाला. सोमवारी ऑपरेशन आहे. मधल्या दीड महिन्यात गाठ गुडघ्याकडे वाढत गेली. पाय राहील की नाही, डॉक्टर आता सांगत नाहीत. पहिल्याच वेळी जीन वाचता आला असता, तर सांगितलं असतं.

मित्रांनो, दया करा, पण घाईच्या हातानं करू नका. एक तुकडा आधी बाजूला ठेवा.

शालिकरामांनी काल मला खणातून काढून कडक आम्लाच्या बाटलीसमोर ठेवलं. आता त्या बाटलीला हात घालायचा तर आधी मला उचलावं लागतं.