पुढं कोण चालणार

आमच्या गावात कोणाच्या शब्दाला किती वजन, हे दुकानात बसून बसून मला पाठ झालं आहे. लटारूभाऊ "पक्कं" म्हणाले की काम होत नाही. सरपंच "बघू" म्हणाले की विषय संपला. आणि माझी बायको सलीमा "मला काय, तुमची मर्जी" म्हणाली की माझी मर्जी तिथंच मिटते.

यात नवी भर घातली वच्छलाबाईच्या करिष्मानं. वाघांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांकडे ती कामाला आहे. जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे तपासायचे आणि सरांना कळवायचं. पुढं शिकायचं म्हणून तिनं मोबाइलवर वरच्या दर्जाच्या इंग्रजीचा क्लास लावला. मार्चात धडा चालू होता तो असा, की आपल्याला खात्री किती आणि शंका किती, हे इंग्रजीत कसं मांडायचं. मे, माइट, प्रॉबेबली, सर्टनली. पोरगी घरभर तेच घोळवायची.

"आई, भात प्रॉबेबली करपला."

"वास येऊन राह्यला, त्यात प्रॉबेबली काय?" वच्छलाबाई म्हणायची.

तेवढ्यात नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडांत वाघ आला. ऐन फुलांचा हंगाम. फुलं पहाटे गळायची अन् हरणं खायची. बाया घरी बसून, आणि त्यांच्याकडून मोहफुलं घेणारा मीही हात चोळत बसून. वच्छलाबाईचं झाड पलीकडेच आहे. घरातलं तेलमीठ त्या झाडावर चालतं.

मग कॅमेऱ्यांत वाघ दिसेनासा झाला. सरांनी इंग्रजीत लिहून पाठवलं की तो बहुधा निघून गेला असावा. बातमी फुटली आणि बायांनी पाराजवळ करिष्माला घेरलं.

"गेला का वं?"

"प्रॉबेबली... म्हणजे, गेला असन."

"असन म्हणजे? गेला का नाई?"

"शक्यता जास्त हाये, काकी. सर म्हणते..."

"शक्यता तं माह्या बकरीलेबी समजते," लटारूभाऊ पारावरून म्हणाले. "एवढं शिकून असन-नसन! मंग आमच्यात अन् तुह्यात फरक काय?"

टोमणा वर्मी लागला. करिष्मा फणकाऱ्यानं म्हणाली, "गेला. पक्कं गेला."

लटारूभाऊ पारावर सरसावून बसले. आमच्या गावचा रिवाज असा, की जंगल मोकळं आहे असं जो सांगेल, त्यानं दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या पुढं चालायचं. त्यामुळेच शहाणी माणसं "तुमचं तुमी पाहा बा" याच्या पुढं कधी जात नाहीत. रागाच्या भरात पोरगी ते विसरली.

"मंग सकाळी पुढं तू," लटारूभाऊ म्हणाले.

"अन् तिच्या मागं मी," वच्छलाबाईनं पदर खोचला.

त्या दुपारी करिष्मा माझ्या दुकानात आली आणि काही न घेता गेली. परत आली, काडीपेटी घेतली. परत आली, काडीपेटी परत केली. नेटवर्क माझ्या ओट्यावरच मिळतं. तिथं उभं राहून तिनं सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, नक्की गेला ना?"

सर मोठे सज्जन. "नक्की कसं सांगणार, करिष्मा? पलीकडचा कॅमेरा बंद आहे, तूच तर कळवलंस. शक्यता जास्त, एवढंच म्हणता येईल."

"मग उद्या तुम्ही पुढं चालता का?"

"उद्या नागपूरला मीटिंग आहे," सर म्हणाले. हे मात्र त्यांनी अगदी खात्रीनं सांगितलं.

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. "इब्राहीमचाचा, काय करू?"

"बेटी, मले फुलं पाह्यजे. मले नोको विचारू."

उजाडल्यावर बाया टोपल्या घेऊन निघाल्या. करिष्मा पुढं, हातात काठी. मी सायकल ढकलत सगळ्यांच्या मागं. पोरगी दहा पावलं चालायची, थांबायची, पाला हलला की काठी उचलायची. नाल्याच्या काठावर आली आणि काठी रोवून उभी राहिली. पलीकडं झाडाखाली फुलांचा पिवळसर सडा पडला होता.

"काऊन थांबली?" आईनं विचारलं.

करिष्मा वळली. "काल मी पक्कं म्हणली ते खोटं होतं. पलीकडचा कॅमेरा बंद हाये. गेला असन, नसनबी. मले मालूम नाई."

"आता सांगतं व्हय?" लटारूभाऊंची सून दिव्यानी भडकली. "टोपल्या घेऊन इथवर आलो तवा?"

करिष्मानं मान खाली घातली, पण शब्द बदलला नाही. वच्छलाबाईनं आपल्या झाडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "जंगल मोकळं हाये असं आता कोणीच म्हणत नाई. मंग पुढंबी कोणी नाई. समद्या आडव्या वळीनं, बराबर चाला. पयल्या झाडापरेंत. अन् तोंडं बंद ठेवाचे नाई."

यावर रिवाजाला बोलायला जागा नव्हती. बाया खांद्याला खांदा लावून नाल्यात उतरल्या, मधे करिष्मा. मी अलीकडेच थांबलो. सायकल कोणीतरी राखायला हवी होती.

पहिल्या झाडाखाली अर्ध्या बाया वेचत होत्या, अर्ध्या उभ्या राहून भांडल्यासारख्या मोठ्यानं बोलत होत्या. वच्छलाबाईचं झाड आणखी आत होतं. तिची नजर तिकडं जायची अन् परत यायची.

अचानक वरून वानर खेकसलं, वाघ दिसल्यावर इशारा देतं तसं. एकदा. पुन्हा. बोलणं थांबलं.

"पळू नोका," करिष्मा म्हणाली. तिनं काठी आडवी धरली. "तोंड तिकडंच ठेवा, मागं सरका. बोलत राहा."

बाया मागं मागं सरकत अलीकडं आल्या. काहीच दिसलं नाही. टोपल्या अर्ध्याही भरल्या नव्हत्या, दिव्यानी कुरकुरत होती. वच्छलाबाईनं लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि दोघी अजून पलीकडच्या झाडांकडं पाहत होत्या.